श्वास घ्या, रोखा

१

छातीचा फोटो काढायला काय अक्कल लागते, असं आमच्या खात्याबाहेरच्या सगळ्यांना वाटतं. वाटू दे. सव्वीस वर्षं मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतोय, दिवसाला पन्नास-साठ छात्या, आणि नीट आला नाही म्हणून माझा फोटो कुणी परत पाठवला असं वर्षातून एकदासुद्धा होत नाही. यात मशीनचं काही कर्तृत्व नाही. मशीन बटण दाबलं की चालतं. सगळी करामत आवाजाची आहे.

पेशंट येतो. शर्ट काढा, गळ्यातलं काढा. छाती प्लेटला चिकटवा, हनुवटी वर टेकवा, हात कमरेवर, खांदे पुढे. मग मी काचेमागे जातो आणि म्हणतो, "श्वास घ्या. रोखा." बटण दाबतो. "सोडा." झालं काम. रोखा म्हटल्यावर माणूस जरा जरी हलला तरी फोटो वाया जातो, म्हणून तो शब्द असा टाकायचा की समोरच्याची हलायची हिंमतच होऊ नये.

घरात माझं कुणी ऐकत नाही. बायको बालवाडीत शिकवते, तिला फक्त सांगायची सवय आहे. पण प्लेटसमोर भलेभले ऐकतात. एकदा एक वकीलसाहेब माझ्यावर डाफरतच आत आले होते, रांगेत उभं केलं म्हणून. रोखा म्हटल्यावर चिडीचूप.

तर पाच आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, समोर घड्याळ आहे म्हणून इतकं नेमकं सांगतोय. एक आजी प्लेटला टेकून उभ्या होत्या. मी श्वास घ्या म्हणालो, रोखा म्हणालो, बटण दाबलं, आणि माझ्याच छातीत दुखायला लागलं.

कळ नव्हती. कुणी बाहेरून दाबतंय असंही नव्हतं. उलट आतून काहीतरी फुगत होतं आणि बरगड्यांना बाहेर ढकलत होतं. आजींना सोडा म्हणायला मला तीन-चार सेकंद उशीर झाला. अर्ध्या तासाने दुखणं गेलं. बुधवारी अकरा दहाला परत आलं.

२

छातीत दुखतंय म्हणून कुणाला सांगून बघा. जगात दोनच पक्ष आहेत, एक गॅसवाल्यांचा आणि एक हार्टवाल्यांचा. शेजारच्या खोलीत दुसरा टेक्निशियन आहे, आधी शाळेत शिकवायचा म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणतात. तो गॅसवाला. "जेवून लगेच आडवा होतोस, दुसरं काय होणार?" बायको हार्टवाली. तिचा उजवा हात तेव्हा नुकताच प्लॅस्टरमध्ये गेला होता, तरी डाव्या हाताने धरून तिने मला आमच्याच हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो.

मॅडम कुणालाही घाबरवत नाहीत आणि कुणालाही सोडत नाहीत. लगेच ईसीजी काढला. रक्त घेतलं, सहा तासांनी परत घेतलं. दोन दिवसांनी ट्रेडमिलवर पळवलं, वायरी लावून. सगळं नॉर्मल.

"तुमचं हृदय तुमच्या वयापेक्षा दहा वर्षांनी तरुण आहे," मॅडम म्हणाल्या.

"वापरलेलंच नाही ना," बायको म्हणाली.

मग अ‍ॅसिडिटी. अन्ननलिकेत आम्ल वर आलं तरी छातीत असंच धरतं, असं मॅडमनी समजावलं. सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल, कॉफी बंद, रात्रीचं जेवण लवकर. तीन दिवस मी सुखात होतो. मास्तर कॉलर ताठ करून फिरत होता. चौथ्या दिवशी अकरा दहाला दुखणं हजर, आणि या वेळी तासभर मुक्काम.

मग बरगड्यांचे सांधे. मॅडमनी छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजू बोटाने दाबून पाहिल्या. तिथे सूज असेल तर दाबल्यावर दुखतं. मला दाबल्यावर चक्क बरं वाटत होतं, कुणीतरी मला रिकामं करायचा प्रयत्न करतंय असं. तरी मलम दिलं, शेक दिला, आठ दिवस जड उचलू नका म्हणाल्या. परत दोन दिवस बरं. परत तेच.

"हे नेमकं कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"हिचा हात मोडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि बायकोकडे पाहिलं. बायको सोमवारी बालवाडीच्या पायरीवरून घसरली होती, मला फोन आला तेव्हा मी हातातलं काम टाकून पळालो होतो, हे सगळं तिने सांगितलं. थोडं वाढवूनच सांगितलं. काळजीने सुद्धा छाती दुखते, मॅडम म्हणाल्या, आणि ते दुखणं खोटं नसतं. पण त्याआधी एकदा फोटो काढून घेऊ.

मला हसू आलं. इतक्या दिवसांत सगळं केलं आणि छातीवाल्याच्या छातीचाच फोटो राहिला होता.

३

मास्तरने माझा फोटो काढला. सव्वीस वर्षांत मी प्लेटच्या त्या बाजूला कधी उभा राहिलो नव्हतो. प्लेट थंड असते हे मी रोज साठ जणांना सांगतो, पण इतकी थंड असते हे माहीत नव्हतं. मागे काचेतून मास्तरचा आवाज आला. घ्या, रोखा, सोडा. त्याचा आवाज शाळामास्तरचाच आहे, सोडा म्हणताना शाळा सुटल्यासारखं म्हणतो.

स्क्रीनवर फोटो आला. आम्ही सवयीने बरगड्या मोजतो. माणसाने पूर्ण श्वास घेतला की पाठीमागच्या दहा बरगड्या फुप्फुसावर दिसतात. दहा दिसल्या की फोटो पास. माझ्या अकरा दिसत होत्या.

"सिगारेट?" मास्तरने विचारलं.

"तुला माहीत आहे ना मी ओढत नाही."

"मग एवढा कसा फुगलास?" त्याने परत मोजल्या. "चल, श्वास सोडून एक काढू."

श्वास पूर्ण बाहेर टाकला की फुप्फुसं आकसतात, छातीखालचा पडदा वर सरकतो, सात-आठच बरगड्या दिसतात. मी परत प्लेटला चिकटलो. सगळा श्वास बाहेर टाकला. पोट पाठीला लागेपर्यंत टाकला, कानात सूं झालं. मास्तरने बटण दाबलं.

अकरा.

"तू सोडलाच नाहीस," मास्तर म्हणाला.

"सोडला."

"अरे, मी लाखभर छात्या बघितल्यात."

"आणि मी त्याच्या दुप्पट. सोडला म्हणतो तर सोडला."

त्याने दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. स्क्रीनवर ते करता येतं. दोन फोटोंत केसभर तरी फरक पडतोच, माणूस काही भिंत नाही. हे दोन एकमेकांत असे बसले की दुसरा आहे हे कळेना. मास्तरने मशीनला शिव्या दिल्या, रीस्टार्ट केलं, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्या माणसाच्या दहा आल्या. मशीन ठीक होतं.

४

मॅडमनी दोन्ही फोटो पाहिले. पहिलाच फोटो चुकून दोनदा सेव्ह झाला असेल, असं म्हणाल्या. मलाही ते पटलं. मनापासून पटलं, कारण दुसरं काही पटवून घ्यायची माझी तयारी नव्हती. त्या म्हणाल्या, काळजीत माणूस वरच्या वर श्वास घेतो आणि पुरा सोडत नाही. आत हवा साठते, छातीचे स्नायू ताणून ताणून थकतात आणि दुखतात. शेकड्यांनी असे पेशंट येतात. उपाय सोपा आहे. नाकाने घ्यायचा, चार आकडे. ओठांचा चंबू करून सोडायचा, सहा आकडे. दिवसातून पाच वेळा.

पहिल्या दिवशी मी सहापर्यंत सोडला. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी चारलाच संपला. म्हणजे हवा संपली नाही, बाहेर यायची थांबली. आत होती, मला जाणवत होती.

गेल्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी पडलो होतो. जाग आली तेव्हा बायको कॉटच्या कडेला बसली होती. प्लॅस्टरचा हात मांडीवर आणि डाव्या हाताचा तळवा माझ्या नाकासमोर.

"काय करतेस?"

"बालवाडीत झोपेचं सोंग घेणाऱ्या पोरांना असंच पकडतात," ती म्हणाली. नेहमीसारखी हसली नाही. "अहो, तुम्ही आत घेताय ते ऐकू येतंय. बाहेर टाकताय ते येत नाही."

"हळू टाकत असेन."

"वीस मिनिटं झाली मी इथे बसलेय."

मी उठलो, चहा ठेवला, तिला म्हटलं की कान तपासून घे. तिने कपाटातून माझा शर्ट काढला आणि मला घालायला लावला. बटणं लागत होती, पण छातीवर ताण येत होता. चार महिन्यांपूर्वी तिनेच घेतलेला शर्ट होता तो.

"मला तुम्ही हवे आहात," बायको म्हणाली. लग्नाच्या बत्तीस वर्षांत असं वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. माझी तंतरली ती तेव्हा.

५

काल शनिवार. सकाळपासूनच छाती भरलेली होती, अकरा दहाची वाटसुद्धा बघितली नव्हती तिने. पेशंटला रोखा म्हणताना माझा आवाज चिरका निघाला. दोन फोटो हलले. दुपारी मास्तर डबा घेऊन माझ्या खोलीत आला.

"बस झालं," तो म्हणाला. "सुट्टी टाक. त्या सोमवारपासून तुझं चित्त थाऱ्यावर नाही. त्या दिवशी पण पेशंट तसाच टाकून गेलास."

"कुठला पेशंट?"

"तो पेंटर. बोर्ड रंगवणारा. छातीत दुखतं, खोकला येतो म्हणून आला होता. वहिनींचा फोन आला आणि तू सुटलास ना पळत. फोटो झालेला होता, पण तो आतच."

मला आठवलं. शर्टावर निळा रंग सांडलेला, बारीक चणीचा माणूस. श्वास घ्या म्हटलं, रोखा म्हटलं, बटण दाबलं, आणि टेबलावरचा फोन वाजला. मी तो उचलला. पुढचं मला फक्त जिन्यापासून आठवतं.

"किती वेळ आत होता?"

"मी माझे चार पेशंट संपवून आलो. पंधरा-वीस मिनिटं. प्लेटला छाती लावून उभा, हात कमरेवर, हनुवटी वर. मी म्हटलं, अहो झाला फोटो, निघा. शर्ट घातला आणि गेला. बोलला सुद्धा नाही काही. रागावला असेल."

"तू त्याला सोडा म्हणालास?"

"कशाला? फोटो झाला होता की."

"तो श्वास घेत होता का?"

मास्तरने घास खाली ठेवला. "मी काय नाडी धरून बघितली? उभा होता म्हणजे घेत असणारच."

असणारच. वीस मिनिटं श्वास रोखून माणूस उभा राहू शकत नाही, हे मलाही कळतं. शाळेतल्या पोरालाही कळतं. मी मास्तरला म्हटलं, बरोबर आहे तुझं. मग तो गेल्यावर त्या सोमवारची नोंद उघडली. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. फोटो उत्तम, दहा बरगड्या, छाती साफ. खाली पत्ता होता. असा पत्ता बघून जायचा नियम नाही. मी तो हाताच्या तळव्यावर लिहून घेतला.

६

आज सकाळी बायकोला सांगितलं की जरा पाय मोकळे करून येतो. पत्ता हॉस्पिटलपासून तीन बसथांबे लांब. चार मजली बिल्डिंग, अरुंद जिना. प्रत्येक दारावर नंबर रंगवलेला, सगळे एकाच हातचे, इतके रेखीव की ते बघायला मी दोनदा थांबलो. खरं म्हणजे दम लागला होता. आत जागाच उरली नव्हती म्हणून वरच्या वर श्वास घेत चढत होतो.

दुसऱ्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडलं. साठीच्या पुढच्या, हातात रंग पुसायच्या चिंध्यांची चळत. पेंटरची थोरली बहीण. मी हॉस्पिटलातून आलोय म्हटल्यावर त्यांनी मला आत घेतलं, खुर्ची दिली आणि आभारच मानायला लागल्या.

"काय तुमचा हात आहे हो. तुमच्याकडे फोटो काढला आणि त्या दिवसापासून खोकला बंद. छाती दुखायची, ते बंद. जिना चढला की धापा टाकायचा, आता टाकतच नाही. घोरायचा बघा, भिंती हलायच्या. तेही बंद."

"बोलतात का?"

"आधी तरी कुठे बोलायचा?" बाई चिंध्या घडी करायला लागल्या. "आता अजिबातच नाही. मला वाटलं, माझ्यावर रुसलाय. पण खातो, काम करतो, अंग पण धरलंय. छातीला एकही शर्ट होईना, दोन उसवून दिले मी." मग पुढची चिंधी उचलत म्हणाल्या, "पहिल्यापासून ऐकणारा आहे तो. लहानपणी शाळेत गुरुजींनी कोपऱ्यात उभं केलं आणि विसरून घरी गेले. हा अंधार पडेपर्यंत तिथेच. शिपाई म्हणाला घरी जा, तरी हलेना. शेवटी गुरुजींना घरून बोलवून आणावं लागलं."

 बोलायला श्वास बाहेर टाकावा लागतो आणि माझा येत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

"भाऊ, तुम्हाला बरं वाटत नाही का?" त्यांनी विचारलं. "तो आत आहे. भेटा ना, ओळखेल तुम्हाला."

७

आतली खोली म्हणजे त्यांचं कामाचं ठिकाण. खिडकीखाली लांब टेबल, डब्यात उभे ब्रश, अक्षरांचे कागदी साचे एकावर एक रचलेले. भिंतीला टेकवून बोर्ड वाळत ठेवले होते. पेंटर स्टुलावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. खांदे पुढे, हनुवटी वर. असं बसून कुणी रंगवत नाही.

मी त्यांची पाठ बघत राहिलो. माझं आयुष्य माणसांच्या पाठी बघण्यात गेलंय. झोपलेल्या माणसाची पाठ सुद्धा हलते, तान्ह्या पोराची हलते. मी मनात साठ मोजले. हात अक्षर काढत होता, मनगट वळत होतं, ब्रश रंगात बुडत होता. पाठ हलली नाही.

माझा चुलता म्हणायचा, शंका आली की आधी स्वतःवर घ्यावी. मी घेतली. म्हटलं, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, पाच आठवडे झोप धड नाही, मॅडम सांगतात ते खरं आहे. गुपचूप मागे फिर आणि सोमवारी त्यांना विचारून मानसिक आरोग्याच्या डॉक्टरांकडे जा.

तेवढ्यात पेंटरनी मागे वळून पाहिलं.

ओळख लगेच पटली. चेहरा ओशाळला, उशीर झालेल्या माणसाचा होतो तसा. त्यांनी ब्रश खाली ठेवला, घाईने उठले, कपाटाच्या बंद दाराला छाती लावली. हनुवटी वर. हात कमरेवर. खांदे पुढे. आणि थांबले.

बहीण माझ्याकडे बघायला लागली. तिच्या हातातल्या चिंध्या खाली पडल्या.

आता खरं सांगतो. त्या क्षणी मी त्या माणसाचा विचार केला नाही. सोडा म्हटल्यावर त्यांचं काय होईल, इतके दिवस जे आत आहे ते बाहेर आल्यावर मागे काय उरेल, यातलं काही माझ्या मनात आलं नाही. माझ्या बरगड्या फाटायला आल्या होत्या, डोळ्यांपुढे काळं येत होतं, बायको घरी वाट बघत होती. मला माझी छाती मोकळी हवी होती. असेल नसेल तेवढा जोर लावून मी तो शब्द बाहेर काढला.

"सोडा."

त्यांनी सोडला. आधी आवाज नव्हता, मग बारीक शीळ वाजल्यासारखा झाला. टेबलावरचे साचे एकेक करून उडाले आणि खोलीभर पसरले. खिडकीचा पडदा बाहेर गेला आणि बाहेरच राहिला. उसवलेला शर्ट त्यांच्या अंगावर सैल होत गेला. बहीण दाराच्या चौकटीला धरून उभी होती. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही, कारण त्याच वेळी माझीही छाती खाली बसत होती. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मी तळापर्यंत रिकामा झालो आणि पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. मला रडू आलं.

पडदा परत आत आला. पेंटर कपाटाला टेकून उभेच होते.

८

पहिल्यांदा बहिणीच्या लक्षात आलं.

"अरे," ती म्हणाली. "अरे, घे की."

पेंटरनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओठ निळसर व्हायला लागले होते, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. शाळेत पुढच्या वाक्याची वाट बघत पाटीवर पेन्सिल टेकवून बसतात, तसे ते होते.

"श्वास घ्या," मी म्हणालो.

घेतला. आणि थांबले.

"सोडा."

सोडला. थांबले.

तेव्हापासून हे चाललंय. अकराला आलो होतो, आता सात वाजतायत. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवलंय, मला समोर स्टूल दिलंय. मिनिटाला बारा वेळा घ्या, बारा वेळा सोडा. दहावर आणून पाहिलं, त्यांना घाम फुटला. बहिणीने म्हणून पाहिलं, माझ्यासारखा आवाज काढून पाहिलं. ते तिच्याकडे मायेने बघतात आणि माझी वाट बघतात. माझा आवाज मोबाइलमध्ये भरून लावला. मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दोनदा गप्प बसून पाहिलं, आपोआप घेतील म्हणून. दुसऱ्यांदा बहिणीने माझा खांदा धरून हलवला आणि म्हणाली, बोला हो, पाया पडते.

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला होता. पलीकडून विचारलं, पेशंटचा श्वास चालू आहे का? बहिणीने आमच्या दोघांकडे पाहिलं. चालू आहे म्हणाली. तो थांबतो असंही म्हणाली, पण काय सांगणार होती बिचारी. आज रविवार आहे, पलीकडचे म्हणाले, श्वास चालू असेल तर उद्या सकाळी ओपीडीत आणा.

घशाला कोरड पडलीय. घ्या आणि सोडाच्या मधे एक घोट पाणी पिता येतं, ते मला जमायला लागलंय. तेवढ्या वेळात मोबाइलवर दोन शब्दही टाइप करता येतात. मी बायकोला कळवलं, उशीर होईल. तिने लगेच विचारलं, छाती कशी आहे? मी खरं तेच लिहिलं. अजिबात दुखत नाही.

"घ्या."

"सोडा."

बहिणीने मघाशी दिवा लावला, खिडकी लावून घेतली आणि माझ्या पाठीला उशी दिली. मग बराच वेळ जमिनीवरचे साचे गोळा करत होती. सगळे रचून झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली, आणि भावाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू विचारलं,

"भाऊ, तुम्ही रात्री किती वाजता झोपता?"